मंडळाच्या कपाटाची दुसरी चावी कोणाकडं आहे?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी इतिहास मंडळ काढलं, पहिल्या मीटिंगला तीस-पस्तीस जण, सत्कार, फोटो, पेपरात बातमी, आणि आता चौघं उरलात. अध्यक्ष तब्येतीनं थकलेत, पोरं ग्रुपवर अंगठा दाखवतात पण रविवारी कोणी येत नाही. रजिस्ट्रेशन करावं का ते विचारलंय आणि शेवटी रस्ता रुंदीकरणात येणाऱ्या वीरगळीचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या कोरीव दगडाचं विचारलंय. तिन्हीचं सांगतो, लांबेल जरा, चहा घेऊन बसा. मी तलाठी म्हणून रिटायर झालो, परभणी जिल्ह्यात, आणि आमच्या तालुक्याच्या मंडळाचा एकवीस वर्षं सचिव होतो. आता नुसता सभासद आहे आणि ते मुद्दाम आहे, का ते पुढं कळेलच.

तीसाचे चार झाले त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडं एका वर्षी दोनच होतो, मी आणि एक टेलर, त्यांच्या दुकानात मशीनच्या बाजूला बसून मीटिंग व्हायची आणि इतिवृत्त मीच लिहायचो, मीच वाचायचो, सूचक टेलरमामा अनुमोदक मी. तरी मंडळ चाललं. माणसं कमी झाल्यानं मंडळ बुडाल्याचं मी पाहिलेलं नाही, बुडतं ते सगळं एकाच माणसाच्या घरात आणि डोक्यात राहिलं म्हणून. म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न हा की तुमच्या मंडळाचं जे काही आहे, कागद, फोटो, नाणी, पासबुक, ते कोणत्या कपाटात आहे आणि त्याची दुसरी चावी कोणाकडं आहे? दुसरी चावीच नसेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी ते बघा.

आमचं काय झालं ते सांगतो. आमचे पहिले अध्यक्ष रिटायर हेडमास्तर, माणूस म्हणजे सोनं, सायकलवर गावोगाव फिरून त्यांनी बाडं जमवली, कोणत्या वाड्यात काय आहे, कोणत्या पाटलाच्या माळवदावर ताम्रपट आहे म्हणतात, कोण दाखवेल, कोण कुत्रं सोडेल, सगळं त्यांच्या तोंडात. आम्ही म्हणायचो गुरुजी आहेत की, लिहून कशाला ठेवायचं. दोन लोखंडी ट्रंका त्यांच्या घरी, माळ्यावर. दिवाळीच्या तोंडावर गुरुजी गेले. आता सुतकात ट्रंकेचं कसं विचारायचं म्हणून आम्ही गप्प, मग तेरावं झालं, मग लग्नसराई, आणि फेब्रुवारीत गेलो तर घर रिकामं. मुलगा बाहेरगावी नोकरीला, त्यानं घर भाड्यानं दिलं होतं आणि माळा साफ केला होता. रद्दीवाल्याला शोधत शोधत तीन गावं फिरलो, हाती आली अकरा पानं. मुलाला बोल लावायचं काही कारणच नाही, ट्रंकेवर मंडळाचं नावसुद्धा नव्हतं, त्याला काय कळणार की ते बापाचं आहे का आणखी कोणाचं. चूक आमची, सरळ.

हे आपल्यापुरतंच नाही बरं का. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांसारखा माणूस, पायी फिरून दप्तरं गोळा करणारा, ज्यांच्यामुळं १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्यांना आपल्या बीडच्या पाटांगणातून ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली, १९०९ साली त्यांनी ती छापली, आणि मूळ पोथी पुढं गायबच झाली. छापलेलं आहे म्हणून निदान त्यावर वाद तरी घालता येतो, आमच्या ट्रंकेतलं तर तेही नाही. उलट बाजूचं उदाहरण बघायचं तर एकदा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन या. रामलिंगप्पा लामतुरे हा गावातला माणूस, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून पावसानं उघडं पडलेलं, नांगराला लागलेलं, लेकरांनी आणून दिलेलं जमवत गेला, मणी, खापरं, मातीच्या मूर्ती, हस्तिदंताची बाहुली, सातवाहन काळातलं तगर, म्हणजे हेच तेर, काय होतं ते त्या कपाटांतून दिसतं. आणि तो संग्रह घरात न राहता सरकारी वस्तुसंग्रहालय झाला म्हणून आज तुम्ही-मी बघू शकतो. पैठणलाही तसंच, बाळासाहेब पाटलांचा संग्रह. जमवणारी माणसं आपल्या मराठवाड्यात कमी नव्हती, पण ज्यांनी जिवंतपणी सोपवून दिलं त्यांचंच टिकलं.

तर त्या अकरा पानांनंतर आम्ही काय केलं. मी तलाठी माणूस, मला एकच अक्कल, रजिस्टर. मोठं बाइंडिंगचं रजिस्टर आणलं आणि आवक नोंद सुरू केली. अनुक्रमांक, तारीख, वस्तू किंवा कागद काय, कोणाकडून, कायमचं दिलं का बघायला दिलं, देणाऱ्याची सही, फोटो काढला का, परत केलं असेल तर कधी. एवढंच. कागदाच्या मागं कोपऱ्यात पेन्सिलीनं तोच नंबर, पेन नाही, स्टेपलर तर अजिबात नाही, आणि फाटलेल्याला सेलोटेप लावणारा दिसला की त्याच्या हातातून काढून घ्या, दहा वर्षांनी ती टेप पिवळी होते आणि अक्षरं घेऊनच निघते. फोटोंचे तीन संच, एक मंडळाच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या सभासदाकडं, एक कॉलेजच्या लायब्ररीत. आणि हो, फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका, दाबून बारीक होतात, मोडीचं वळण दिसत नाही, पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता माणसं. लोक येत नाहीत असं म्हणता, पण आल्यावर त्यांना काय काम देता ते तुम्ही लिहिलंच नाही. आमच्याकडं पण तेच होतं, या, बसा, चहा घ्या, अध्यक्षांचं भाषण ऐका. शिकलेला पोरगा दोनदा ऐकेल, तिसऱ्यांदा शेताला पाणी द्यायचंय म्हणेल. माणसाला असं काम द्या जे दोन रविवारांत संपतं आणि संपल्यावर त्याच्या नावानं रजिस्टरला चढतं. 'गावाचा इतिहास लिही' म्हणलं की पळून जाणारच, 'वेशीपासून मारुतीपर्यंतच्या सगळ्या जुन्या दरवाजांचे फोटो काढ, घरमालकाचं नाव आणि कोणत्या साली बांधलं म्हणतात ते लिही' म्हणलं की एक बारावीचा पोरगा चार दिवसांत बेचाळीस दरवाजे घेऊन आला. तो पोरगा आज मंडळाचा सचिव आहे. बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, साफ करणं हेही तसलंच काम, गाळ काढला की पायऱ्या दिसतात, डोळ्यांदेखत काहीतरी होतं, पोरांना ते आवडतं. सेलू तालुक्यातली वालूरची चक्रासारखी बारव बघितली असेल तर सांगायला नको. फक्त बारवेत उतरायच्या आधी दोर, साप आणि कपारीतली आग्यामोहोळं यांचा विचार करा, उत्साहात कोणी करत नाही.

आणि बायामाणसांना आत घ्या, नुसतं स्वागताला नको. हे मला फार उशिरा कळलं, कळायला अंगणवाडीच्या एक ताई कारण झाल्या. आम्ही गडी माणसं गेलो की ओसरीवर बसवतात, पाणी देतात, आजोबा रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या दोन गोष्टी सांगतात त्याच ज्या त्यांनी दर १७ सप्टेंबरला शाळेत सांगितल्यात. ताई गेल्या थेट चुलीपाशी, आणि तिथं आजीनं सांगितलं की त्या साली ज्वारी पेवात कशी बुजवली, दागिने कोणत्या भिंतीत लिंपले, बाया-लेकरं रातोरात निजामाच्या हद्दीबाहेर कोणत्या गावाला नेली आणि तिथल्या लोकांनी कसं वागवलं. जात्यावरच्या ओव्यांत गावांची नावं येतात, बाजाराची, नदीच्या उताराची, जे रस्ते आता नकाशात नाहीत ते ओवीत आहेत. ताईंनी पावणेदोनशे ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या. आमच्या एकवीस वर्षांतलं सगळ्यात मोलाचं काम कोणतं म्हणून विचारलं तर मी तेच सांगेन, आणि त्यात माझा हात शून्य.

१९४८ चं जरा जपून करा. १३ ते १७ सप्टेंबर पोलीस ॲक्शन, हैदराबाद संस्थान भारतात, मुक्तिसंग्राम, स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, उमरीच्या बँकेवरचा छापा, हे सगळं झेंडावंदनाला सांगितलंच जातं आणि सांगायलाच पाहिजे, सीमेवरच्या शिबिरातले लोक आता हाताच्या बोटावर मोजण्याइतके राहिलेत. पण त्याच गावात मशिदीमागच्या गल्लीत पण एक म्हातारी असते, तिच्या घरातलं कोण त्या सप्टेंबरनंतर परत आलं नाही ते ती सांगत नाही कारण तिला कोणी विचारलंच नाही. नेहरूंनी त्यावेळी मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची माहिती घ्यायला सुंदरलाल समिती पाठवली होती, तिचा अहवाल कितीतरी वर्षं दाबूनच ठेवला होता. आम्ही नियम केला, दोन्ही गल्ल्यांत जायचं, दोन्हीकडचं तसंच्या तसं लिहायचं, कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला, त्यावेळी त्याचं वय काय होतं, स्वतः पाहिलं का ऐकलं. खरं-खोटं ठरवायची घाई करायची नाही. यावरून आमच्या दोन सभासदांनी राजीनामे दिले, एक परत आला.

किल्लारीकडच्या एका मित्राकडून एक युक्ती शिकलो ती पण सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिकडची गावंच्या गावं उठून नव्या जागी गेली, जुन्या गल्ल्या फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात. त्यांनी समाजमंदिराच्या फरशीवर खडूनं जुनं गाव काढायला लावलं. एकानं वेस काढली की दुसरा म्हणतो अहो आड इकडं होता, तिसरा म्हणतो तुमचं घर आडाच्या खाली, भांडता भांडता दोन तासांत अख्खं गाव फरशीवर. जायकवाडीच्या, माजलगावच्या धरणात बुडालेल्या गावांनाही हे लागू. मुलाखत द्यायला लाजणारा माणूस नकाशा चुकला की मात्र गप्प बसत नाही.

कागदांचं आपल्या भागात एक वेगळंच दुखणं आहे. पुण्या-साताऱ्याकडं मोडी आली की काम भागतं, आपल्याकडं निजामाचं राज्य, कारभार आधी फारसीत मग उर्दूत, त्यामुळं घरात मोडीचं बाड आणि उर्दूचा मुंतखब, म्हणजे इनाम मान्य केल्याचा सरकारी कागद, शेजारी शेजारी असतो. म्हणून मंडळात एक मोडीवाला आणि एक उर्दूवाला पाहिजेच. मोडीचे वर्ग पुराभिलेख खात्याकडून होतात, त्यांचं छत्रपती संभाजीनगरला ऑफिस आहे. उर्दूसाठी गावातल्या रिटायर उर्दू मास्तरांकडं जा, पण शिकस्त म्हणजे घाईचं तुटक वळण सगळ्यांनाच येत नाही तेव्हा दोघांना दाखवा. फसली सनाचा, म्हणजे निजामाच्या महसुली सालाचा घोळ लोक फार करतात. इंग्रजी साल काढायला फसली सालात ५९० मिळवा, फसली १३४४ म्हणजे १९३४ च्या ऑक्टोबरपासून १९३५ च्या ऑक्टोबरपर्यंत, कारण पहिला महिना आजूर ६ ऑक्टोबरला लागतो, म्हणून जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१. बहमन, इस्फंदार असली महिन्यांची नावं दिसली की घाबरू नका, बारा नावं भिंतीला चिकटवून ठेवा. आणि खूप काही इथं सापडणारच नाही, ते हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहे, वर्षातून एकदा चौघांनी मिळून जायचं, रेल्वेनं परवडतं.

लोक कागद दाखवत नाहीत म्हणून पण तुम्ही कुरकुर केलीय. अहो कसे दाखवतील? इनामाची जमीन, कुळाची जमीन, भाऊबंदकीचा दावा, कागद बाहेर गेला की जमीन गेली ही भीती तीन पिढ्यांची आहे आणि तलाठी म्हणून सांगतो, ती काही अगदीच खोटी नाही. म्हणून आम्ही मूळ कागद घरून हलवतच नाही. ओसरीवर चादर टाकायची, मालकाच्या समोर फोटो काढायचे, बांधून परत द्यायचं, वाचून काय लिहिलंय ते आधी मालकालाच सांगायचं, आणि त्याच्या सहीशिवाय कुठं छापायचं नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं सुरू झालं तेव्हा मोडीवाल्यांना एकदम भाव आला, आमच्या दारात रांगा. तेव्हा मंडळानं ठराव केला, नोंद आहे तशी वाचून देऊ, कोणासाठी अक्षर ओढून-ताणून लावणार नाही, आणि मंडळाच्या लेटरहेडवर कसलाही दाखला देणार नाही. शिव्या खाल्ल्या दोन्हीकडून, पण आज सगळ्या जातीची माणसं कागद घेऊन येतात.

रजिस्ट्रेशन करा, पण सत्कारासाठी नको, बँक खातं आणि वस्तूंची मालकी संस्थेच्या नावावर राहावी म्हणून करा. सात माणसं लागतात, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि मग १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, दोन्ही धर्मादाय कार्यालयातच होतं. खरी गंमत पुढं आहे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, आणि नव्वद टक्के मंडळं तिथंच आपटतात असं माझं मत आहे. शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर वारलेल्या माणसांची नावं, चेकवर सही चालत नाही, मग दोन गट, मग तारखा. दरवर्षी ऑडिट, दोघांच्या सह्यांचं खातं. अध्यक्षाला दोन टर्म, बस्स, घटनेतच लिहून टाका. मी एकवीस वर्षं सचिव राहिलो ती माझी चूकच होती, चांगलं चाललंय म्हणून कोणी हलवलं नाही आणि मला पण खुर्ची गोड लागली, खोटं कशाला बोलू. तुमच्या अध्यक्षांना काढू नका, त्यांच्याजवळ रोज तासभर एक पोरगी किंवा पोरगा बसवा, रेकॉर्डर चालू ठेवून. त्यांना ते पदापेक्षा आवडेल.

पुढाऱ्यांनी कपाट दिलं तर घ्या, कपाटावर नाव पण टाकू द्या, पुस्तकाची प्रस्तावना मात्र त्यांना लिहू देऊ नका.

एक गोष्ट अगदी पक्की धरा, खोदायचं नाही. कितीही वाटलं तरी नाही, धातू शोधायचं मशीन घेऊन फिरणारे येतात त्यांना तर उभं करू नका. नांगरताना शेतकऱ्याला हंडा लागला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, व्यवहारात तहसीलदार, तलाठी, पंचनामा. ते मंडळात 'ठेवून घेऊ' असं कोणी प्रेमानं म्हणालं तरी घेऊ नका, अडकाल. शंभर वर्षांवरच्या मूर्ती-नाणी, पंच्याहत्तर वर्षांवरच्या पोथ्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, मूर्ती असेल तर नोंदणीचं आधी विचारून घ्या.

आता तुमची वीरगळ. आधी काय करू नये ते, कारण ते आम्ही करून बसलोय. आमच्याकडं देवळाच्या पायरीला एक शिलालेख होता, अक्षरं पुसट, आम्ही उत्साहात पांढऱ्या ऑइलपेंटनं ती भरली, फोटो छान आला. पुढं विद्यापीठातले एक जाणकार आले आणि म्हणाले अहो तुम्ही वाचलं तसं रंगवलंय, दगडावर काय होतं ते आता दिसत नाही. शकाचा आकडाच आम्ही चुकीचा रंगवला होता. तर रंग नाही, खडू नाही, ॲसिड नाही, तारेचा ब्रश नाही, साधं पाणी आणि मऊ कुंचला. वाचायचं असेल तर रात्री जा आणि टॉर्च दगडाला घासून एका बाजूनं मारा, दिवसा न दिसणारी अक्षरं उठून येतात. गावकऱ्यांनी शेंदूर लावलाय, नारळ फोडतात, तर फोडू द्या, तो शेंदूर आहे म्हणूनच तो दगड आजवर कोणी पायरीला बसवला नाही. मंडळात आणायचा विचार तर काढूनच टाका, ज्यांचा देव आहे ते तुम्हाला गावात येऊ देणार नाहीत.

रस्त्याचं मात्र या आठवड्यातच करा. चारी बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश, तोंड कोणत्या दिशेला आहे ते, किती जमिनीत गाडलंय ते. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या की दगड हलवावा लागला तर मारुतीच्या पारावर उभा करायचा, तोंड त्याच दिशेला, आणि मूळ जागेची नोंद रजिस्टरला. ठरावाची प्रत बांधकाम विभागाला, तहसीलला, पुरातत्त्व खात्याच्या संभाजीनगरच्या ऑफिसला, पोच घेऊनच द्या. एवढं करून पण भरवसा ठेवू नका, साहेब बदलतात, फाइल टेबलावरच राहते. त्या साइटवर जेसीबी कोण चालवतो ते शोधा, त्याच्याबरोबर एकदा चहा प्या, दगड दाखवा, तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. आमच्या तीन वीरगळी वाचल्या त्यातल्या दोन अशाच, पहाटे साडेसहाला फोन आला, काका या लवकर, आज तुमच्या दगडाकडं काम आहे.